आपल्या डोंगराची चतुःसीमा : आन्वा, भोकरदन आणि परिसर

माणसाला आपल्या घराचा पत्ता पाठ असतो. परंतु आपला गाव नेमका कुठे वसला आहे, हे विचारल्यास पुष्कळांना सांगता येत नाही. तालुका सांगतात, जिल्हा सांगतात, आणि थांबतात. मी बँकेत लिपिक आहे. शेतजमिनीच्या तारण-कागदांत 'चतुःसीमा' नावाचा एक रकाना असतो. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस काय, उत्तरेस काय, हे त्यात लिहावे लागते. चतुःसीमा लिहिल्याशिवाय जमिनीची ओळख पटत नाही आणि कागद पुढे सरकत नाही. गावाचेही तसेच आहे, असे मला वाटते.

काही दिवसांपूर्वी भोकरदन तालुक्यातील डोंगराकडच्या एका गावचा विद्यार्थी शिष्यवृत्तीचे खाते उघडण्यासाठी आला होता. बारावीला चांगले गुण मिळवून पुढील शिक्षणासाठी तो पुण्याला निघाला होता. सहज विचारले, "काय रे बाळ, तुमच्या भागात पाहण्यासारखं काय आहे?" तो हसून म्हणाला, "साहेब, आमच्याकडं काय हाय? दगडं अन् डोंगर." त्याच्या उत्तरात खोटे काही नव्हते, पण ते अपुरे होते. त्या मुलाला त्या वेळी जे सांगता आले नाही, ते या लेखाच्या निमित्ताने मांडीत आहे. संस्थेच्या सभासदांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी ते वाचावे, एवढीच अपेक्षा.

जिल्हा आणि डोंगर

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडचा भाग परभणी जिल्ह्यात होता. आज जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि उत्तर सीमेला अजिंठ्याचा डोंगर आहे. म्हणजे एका बाजूला नदी व दुसऱ्या बाजूला डोंगर, अशी आपल्या जिल्ह्याची बांधणी आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सारा इतिहास या दोन टोकांना जोडणाऱ्या वाटेवर घडला.

भोकरदन तालुक्याच्या उत्तर भागात आन्वा नावाचे गाव आहे. सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाताना गोळेगाव लागते. तेथून पूर्वेकडे वळले की आन्व्याला जाता येते. नवखा मनुष्य येथे आल्यावर विचारतो, "डोंगर कुठे आहे?" कारण समोर उंच कडा दिसत नाही. काळी शेते, मधूनच मुरमाड माळ, आणि क्षितिजावर बुटक्या टेकड्या. याचे कारण अजिंठा डोंगराच्या घडणीत आहे. हा डोंगर उत्तरेकडे, म्हणजे खानदेशच्या बाजूला, भिंतीसारखा एकदम तुटतो; दक्षिणेकडे मात्र तो हळूहळू उतरत पठारात मिसळून जातो. आपण राहतो तो हा दक्षिण उतार होय. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आपण आहोत; पण चढ जाणवत नसल्याने डोंगरावर राहत असल्याचे आपल्याला वाटत नाही. अजिंठ्याच्या घाटाच्या तोंडाशी उभे राहून खाली फर्दापूरकडे पाहिले, म्हणजे आपण किती उंचावर आहोत ते समजते.

हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. घाटात दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांची रचना हे या थरांचेच चिन्ह आहे. या खडकाची झीज होऊन आपली कापसाची काळी जमीन तयार झाली. याच खडकाचे सलग व एकजिनसी थर कोरता येतात, म्हणून सह्याद्रीपासून अजिंठ्यापर्यंत लेणी निर्माण झाली. ज्या दगडाला तो विद्यार्थी नुसता 'दगड' म्हणाला, त्यानेच आपल्याला शेतही दिले आणि लेणेही दिले.

पाणी कोणीकडे जाते?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या प्रदेशाचा नकाशा समजून घ्यायचा असेल तर पाण्याच्या मागे जावे. अजिंठ्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाची दोन वाटांनी विभागणी होते. उत्तरेकडे पडलेले पाणी वाघूर नदीने तापीला मिळते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडे पडलेले पाणी केळना, जुई, धामना अशा लहान नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच ढगातील दोन थेंब दोन समुद्रांना जाऊन मिळतात, तो पाणलोटाचा माथा आपल्या उशाशी आहे.

पूर्णा या नावाने परीक्षेत गोंधळ होतो, म्हणून एक खुलासा करतो. महाराष्ट्रात दोन प्रसिद्ध पूर्णा आहेत. एक विदर्भातील, अकोल्याच्या बाजूची. ती तापीला मिळते. दुसरी आपली, ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून भोकरदन-जाफ्राबाद तालुक्यांतून बुलढाणा जिल्ह्यात जाते, तेथे देऊळगाव राजा तालुक्यात तिच्यावर खडकपूर्णा धरण आहे, पुढे येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे भरून ती परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. भोकरदन शहर केळना नदीच्या काठी आहे. केळना पुढे जाफ्राबादजवळ पूर्णेला मिळते. दानापूरजवळ जुई नदीवर आणि शेलूदजवळ धामना नदीवर धरणे आहेत. परिसरातील गावांचे पिण्याचे पाणी आणि ओलीत बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून आहे.

पाऊस मात्र बेभरवशाचा. सरासरी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर म्हणावी, पण सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी भोगला, २०१२-१३ चा आम्ही पाहिला. त्या वर्षी जालना जिल्ह्यात टँकरच्या रांगा होत्या आणि मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. असे असूनही येथील शेतकरी कापूस, मका, सोयाबीन पिकवतो आणि मिरचीत त्याने नाव मिळवले आहे. पिंपळगाव रेणुकाई येथील हिरव्या मिरचीच्या बाजारात परप्रांतांतील व्यापारी येतात. डोंगराच्या उताराची, निचरा होणारी जमीन मिरचीला मानवते, हेही भूगोलाचेच देणे.

भोगवर्धन ते भोकरदन

आता या परिसरातील सर्वांत मोठ्या खुणेकडे वळू. भोकरदन हे आज तालुक्याचे गाव आहे. बाजार, बसस्थानक, कचेरी, कापसाची खरेदी, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. परंतु त्याचे जुने नाव भोगवर्धन. प्राकृतात ते 'भोगवढन' झाले आणि बोलता बोलता भोकरदन. पुराणांत दक्षिणेकडील लोकांच्या यादीत भोगवर्धनाचे नाव येते.

त्याहून महत्त्वाचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. मध्य प्रदेशातील सांची आणि भारहुत येथील स्तूपांच्या कठड्यांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा दिली, कोणी फरसबंदीचा दगड दिला. ज्याने दिले त्याचे नाव व गाव तेथे लिहिले गेले. त्या गावांच्या नावांत भोगवढन आहे. सांची भोकरदनपासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, मोटार नाही, आगगाडी नाही अशा काळी, आपल्या या गावच्या माणसांचे दान नर्मदा ओलांडून तेथपर्यंत पोचले. सांचीचा स्तूप केवळ राजांनी बांधला नाही. भिक्खू, भिक्खुणी, व्यापारी, कारागीर, गृहिणी अशा सामान्यांच्या लहान लहान दानांतून तो उभा राहिला. त्यात आपल्या परिसराचा वाटा आहे.

हे कसे शक्य झाले? वाटेमुळे. सुत्तनिपातातील पारायणवग्गात बावरीच्या सोळा शिष्यांची कथा आहे. गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बावरीचे शिष्य तथागतांना प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेकडे निघतात. त्यांच्या मार्गातील गावे तेथे क्रमाने सांगितली आहेत : पतिट्ठान म्हणजे पैठण, मग माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिस आणि पुढे कोसंबी, साकेत, सावत्थी करीत राजगृह. यातील वेदिस म्हणजे विदिशा. सांची तिच्या अगदी शेजारी आहे. गोदाकाठाहून माळव्यात जाणाऱ्याला अजिंठ्याची रांग कुठल्या तरी खिंडीतून उतरावीच लागते. भोगवर्धन हे या वाटेच्या टापूतील, डोंगर उतरण्यापूर्वीचे मोठे ठाणे होते असे अभ्यासक मानतात. नदी आणि डोंगर या दोन टोकांच्या मधली जी वाट मी वर ध्यानात ठेवायला सांगितली, ती हीच.

१९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ (आजचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) यांनी मिळून भोकरदन येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. सातवाहन काळातील भरभराटीच्या नगराचे अवशेष तेथे मिळाले : नाणी, मातीच्या मूर्ती, निरनिराळ्या दगडांचे मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंताचे काम. त्यात हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती होती. ती पाहून अभ्यासकांना इटलीतील पाँपेई शहराची आठवण झाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरातील एका घरात, १९३८ साली, सुमारे वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची आणि भोकरदनच्या मूर्तीची घडण बरीच मिळतीजुळती आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही अशीच मूर्ती मिळाली. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली यावर एकमत नाही. काही जण भोकरदनकडे बोट दाखवतात, काही उत्तर भारताकडे. पण हस्तिदंताचे कसबी काम आपल्या या पठारावर माहीत होते, एवढे निश्चित. आणखी एक योगायोग पाहा. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीव काम केल्याचा लेख आहे. वाटेच्या दोन्ही टोकांना एकच कसब नांदत होते.

लेणी, मंदिरे आणि रणांगण

भोकरदनजवळ केळनेच्या काठी लेणी आहेत; लोक त्यांना तुकाईची लेणी म्हणतात. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लेणे दिसले की ते बौद्धच, असे म्हणण्याची आपल्यापैकी काहींना सवय आहे. ही लेणी आठव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात आणि त्यांतील शिल्पे वैष्णव परंपरेची आहेत. जे आपले आहे ते सांचीच्या दगडावर स्वच्छ लिहिलेले आहे. त्यासाठी दुसऱ्याचे आपले म्हणण्याची गरज नाही. खरे तेवढेच सांगितले, तर आपले खरेही लोक मानतील.

बौद्ध लेण्यांसाठी उत्तरेकडे जावे. भोकरदनपासून हवाई अंतराने पस्तीस किलोमीटरच्या आसपास वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. जिल्ह्याची हद्द आड येते म्हणून ती 'दुसऱ्या जिल्ह्यातील' ठरतात. डोंगर मात्र एकच आहे. त्यांतील नऊ व दहा क्रमांकाची चैत्यगृहे सातवाहन काळाच्या सुमाराची, म्हणजे भोगवर्धन भरात असतानाची आहेत. बाकीची बरीचशी पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी कोरली गेली. १९८३ पासून ती जागतिक वारशात आहेत. याच रांगेत पश्चिमेला कन्नड तालुक्यात पितळखोरे आहे; तेथील लेखांत पैठणच्या दात्यांचा उल्लेख आहे.

आन्व्याचे मंदिर बाराव्या शतकातील आहे. त्याला लोक मढ म्हणतात. उंच जोत्यावर उभे असलेले हे मंदिर स्तंभांवरील बारीक नक्षीसाठी पाहावे. गाभाऱ्यात आज शिवलिंग आहे. परंतु बाहेरील भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या स्त्रीमूर्ती असल्याने ते मुळात वैष्णव असावे असे अभ्यासकांचे मत आहे. अशा मंदिरांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री, आणि हे मंदिर त्याच्या आधीचे. याच डोंगराकडच्या भागात महानुभाव पंथाचे जाळीचा देव हे ठिकाण आहे. 'जाळी' म्हणजे झाडाझुडपांची दाटी. तेव्हा येथे किती रान होते ते नावावरूनच कळते. दक्षिणेला जालना-भोकरदन रस्त्यावर राजूरचा गणपती टेकडीवर आहे. अंगारकीला तेथे मोठी गर्दी होते.

केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. पुढे १८१५ साली वाटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. केळनेला उतार नाही असे वाटाड्यांनी त्याला सांगितले. त्याने पाहिले तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे होती. इंग्रजी नोंदींत त्यांची नावे पीपलगाव व वारूर अशी येतात. समोरासमोर गावे आहेत, तर लोकांची ये-जा असणारच आणि त्याअर्थी उतारही असणार, हे त्याने ताडले. तेथून त्याने नदी ओलांडली व शिंद्यांच्या फौजेच्या बगलेवर चाल केली. इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांची हानी त्याहून मोठी झाली आणि त्यांच्या शंभराच्या आसपास तोफा गेल्या. परक्या माणसाने आपला भूगोल आपल्यापेक्षा नीट वाचला, हा असईचा कडू धडा आहे.

पांढरीची माती

शेवटी कळकळीची एक गोष्ट. आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. शेकडो वर्षे मातीची घरे पडत-उभी राहत गेली, राख, खापरे, शेण साचत गेले, त्यातून पांढरीचे टेकाड वर आले. जुन्या भोगवर्धनाचा पुष्कळसा भाग अशाच टेकाडात, आजच्या घरांखाली आहे. धाब्याच्या घरावर टाकायला ही चिकण पांढरी माती चांगली म्हणून पूर्वी टोपलीने नेत. आता भरावासाठी, शेतात टाकण्यासाठी ट्रॅक्टरने नेतात. टोपलीने गेलेली माती थोडी होती. ट्रॅक्टरने एका दिवसात जी जाते, तिच्याबरोबर खापरे, मणी, नाणी जातात आणि कोणत्या थरात काय होते हेही जाते. मणी कपाटात ठेवता येईल. पण थर एकदा मोडला की परत लावता येत नाही. सांचीला दान देणारी माणसे ज्या घरांत राहिली, त्यांची माहिती सांचीत नाही. ती असलीच तर आपल्या पांढरीत आहे.

म्हणून प्रत्येकाने एवढे करावे. गावच्या पांढरीतील माती नेऊ नये आणि नेऊ देऊ नये. काही वस्तू सापडल्यास जागा लिहून ठेवावी आणि ग्रामपंचायत, तहसील किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे. भूमिगत निधीविषयी १८७८ चा कायदा आहे आणि जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्याने बंधनकारक आहे. लेण्यांवर व मंदिरांवर नावे कोरू नयेत. सांचीच्या दात्यांनीही नावे कोरली, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी आधी दगड दिला, मग नाव लिहिले.

विद्यार्थ्यांनी सुटीत एक वही घ्यावी आणि आपल्या गावाची चतुःसीमा लिहावी. ओढा कोठून येतो व कोणत्या नदीला मिळतो. टेकडीचे, माळाचे, शेताचे जुने नाव काय. पांढर कुठे आहे. जुनी विहीर, बारव, पडके देऊळ कुठे आहे. बैलगाडीची जुनी वाट कोणत्या गावाला जात होती. ही माहिती घरातल्या आजी-आजोबांना विचारावी. ती पुस्तकांत मिळणार नाही, आणि ती माणसे गेल्यावर कुठेच मिळणार नाही.

पुण्याला गेलेला तो विद्यार्थी सुटीला येईल तेव्हा पुन्हा भेटेलच. त्याला मी सांगणार आहे की, तुमच्याकडे दगड अन् डोंगर आहेत हे खरेच. फक्त त्यांतल्या काही दगडांवर तुमच्या भागातल्या माणसांची नावे आहेत, आणि ती वाचायला दोन हजार वर्षांनंतरही लोक सांचीला जातात.